पाठ फिरवून वाजणारे संगीत

आयर्लंडच्या पबमधले पारंपरिक संगीत ऐकायला आलेल्यांसाठी वाजवले जात नाही. कोपऱ्यातल्या एका टेबलाभोवती पाच-सहा वादक बसतात, बहुतेकांची पाठ खोलीकडे असते, आणि ते वाजवतात ते एकमेकांसाठी. मंच नसतो, ध्वनिक्षेपक नसतो, आता काय वाजणार हे कुणी सांगत नाही. फिडलवाला दोन मात्रा वाजवतो, टिन व्हिसलवाल्याला धून ओळखू येते, तो शिरतो, मग अकॉर्डियन, मग बासरी. धून तीनदा फिरते. तिसऱ्या फेरीच्या शेवटी कुणीतरी मान वर करतो, भुवई उचलतो आणि न थांबता दुसरी धून सुरू होते. तिसरी संपली की वाद्ये मांडीवर येतात, ग्लास उचलले जातात आणि गप्पा सुरू होतात. त्या गप्पा कधी पाव तास चालतात. नवख्या पाहुण्याला वाटते कार्यक्रम संपला. संपलेला नसतो, कारण कार्यक्रम असा नव्हताच.

या प्रकाराला तिथे ‘सेशन’ म्हणतात. जगभर ‘आयरिश पबचे वातावरण’ म्हणून जे विकले जाते त्याचा उगम या टेबलापाशी आहे. या टेबलाची आजची प्रकृती कशी आहे, हा या लेखाचा विषय आहे. माझे मत आधीच सांगतो: संगीत उत्तम चालले आहे, कदाचित याआधी कधीही नव्हते इतके उत्तम. ते जिथे वाजते ती खोली मात्र धोक्यात आहे, आणि खोली गेली तर उरेल ते संगीत आजच्यापेक्षा वेगळेच असेल.

वाजते काय, ते आधी पाहू. सेशनमध्ये मुख्यतः नाचाच्या धुना असतात. सर्वांत जास्त रील, मग सहा मात्रांची जिग, नऊ मात्रांची स्लिप जिग, हॉर्नपाइप आणि नैर्ऋत्येच्या डोंगराळ भागात पोल्का व स्लाइड. बहुतेक धुनांचा बांधा सारखाच: आठ-आठ मापांचे दोन भाग, प्रत्येक भाग दोनदा, म्हणजे एका फेरीत बत्तीस मापे. रीलच्या गतीला अशी फेरी पाऊण मिनिटाच्या आतच संपते. एवढ्याशा चौकटीत कलावंताला वाव कुठे, असे बाहेरच्याला वाटणे साहजिक आहे. वाव आहे तो दागिन्यांत. एकाच सुरावर टाकलेला क्षणिक कट, पाच सुरांत गुंडाळलेला रोल, गजाच्या एका झटक्यात वाजवलेले तीन सूर. आणि कुठला सूर लांबवायचा, कुठे श्वास घ्यायचा, कुठली जागा रिकामी सोडायची याची निवड. सगळे एकच धून वाजवतात, पण प्रत्येकाची वाट किंचित वेगळी असते. ऐकण्यातला आनंद या किंचित वेगळेपणाच्या घर्षणात आहे. मुळात इथे स्वरसंवाद नव्हता. गिटार आणि ग्रीसहून आलेले बुझुकी ही साथीची वाद्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुजली. बोरान हे हातात धरायचे चर्मवाद्य आज सेशनची ओळख मानले जाते, पण तेही पूर्वी मुख्यतः ख्रिसमसच्या दुसऱ्या दिवशी घरोघर फिरणाऱ्या सोंगाड्यांच्या हातात असायचे. त्याला वाद्यवृंदात मानाची जागा दिली ती १९६० च्या सुमारास संगीतकार शॉन ओ रीआदा यांनी.

आपल्याकडच्या मैफलीत कलावंत आणि श्रोता समोरासमोर असतात. सेशनला त्यापेक्षा गावातले भजनी मंडळ जवळचे वाटेल. टाळकरी एकमेकांकडे तोंड करून उभे असतात, अभंग सगळ्यांना पाठ असतो, आणि बाजूला बसलेला माणूस आत ओढला जातो तो त्यांच्या रंगण्यामुळे. पण साम्य एवढेच. भजनाच्या केंद्रस्थानी शब्द आणि देव असतो. सेशनच्या केंद्रस्थानी फक्त धून असते.

हे सगळे फार प्राचीन असावे असा समज आयर्लंडमध्येही आहे. धुना जुन्या आहेत, त्यांतल्या पुष्कळ अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या. पबमध्ये बसून, नाच नसताना, नुसते एकत्र वाजवण्याची रीत मात्र जेमतेम पाऊणशे वर्षांची आहे. त्याआधी हे संगीत स्वयंपाकघरात होते. शेजारपाजारचे लोक कुणाच्या तरी घरी जमत, दगडी फरशीवर नाच होई, एक फिडल किंवा कॉन्सर्टिना त्याला पुरे. उन्हाळ्यात हेच चौरस्त्यावर चाले. पब ही पुरुषांची पिण्याची आणि बोलण्याची जागा होती, आणि ‘गाण्यास मनाई’ अशी पाटी भिंतीवर असणारे पब कमी नव्हते.

१९३५ मध्ये नव्या आयरिश राज्याने पब्लिक डान्स हॉल्स ॲक्ट केला. सार्वजनिक नाचाला न्यायाधीशाचा परवाना लागू लागला. कॅथलिक धर्मगुरूंना तरुण मुलामुलींचे देखरेखीविना एकत्र येणे सलत होते आणि हा कायदा त्यांच्या दबावातून आला. घरातल्या नाचाला तो लागू होता की नाही हे कायद्यात धूसरच होते. गावोगावच्या पाद्र्यांनी आणि पोलिसांनी मात्र तो लागू असल्यासारखाच वापरला. नाच चर्चच्या देखरेखीखालच्या सभागृहात गेला, तिथे मोठ्या आवाजाचे केली बँड, म्हणजे नाचाचे वाद्यवृंद, आले, आणि एकट्या फिडलवाल्याचे काम संपले. क्लेअर परगण्यातले फिडलवादक ज्युनिअर क्रेहन यांनी हे सारे तरुणपणी पाहिले होते. या कायद्याने खेड्यातले संगीत आणि त्याबरोबर शेजारधर्मही मारला, ही खंत ते शेवटपर्यंत बोलून दाखवत राहिले. ते नव्वदीपर्यंत जगले आणि वाजवत राहिले, हे त्या पिढीच्या चिवटपणाचे लक्षण.

दुसरा धक्का स्थलांतराचा. १९४० आणि ५० च्या दशकांत आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून लाखो तरुण इंग्लंडला गेले. पुरुष बांधकामावर, स्त्रिया रुग्णालयांत आणि घरकामात. लंडनमध्ये भाड्याच्या एका खोलीत स्वयंपाकघर कसले आणि शेजार कसला? वाजवायला जागा उरली ती पबचीच. कॅम्डन टाउन, केंटिश टाउन, हॉलोवे इथल्या पबांत क्लेअरचा माणूस स्लायगोच्या माणसाशेजारी बसू लागला. नाचायला जागा नव्हती, म्हणून नाच गळला आणि ऐकणे उरले. वेगवेगळ्या गावांची माणसे एकत्र आल्यामुळे सगळ्यांना येणाऱ्या धुनांचा एक सामाईक साठा तयार झाला. आज जगभर सेशन म्हणून जे ओळखले जाते त्याचा साचा बऱ्याच अंशी या परक्या शहरात पडला. हॉलोवेच्या ‘द फेव्हरिट’ या पबमध्ये रविवारी दुपारी चालणाऱ्या वादनाचे ध्वनिमुद्रण टॉपिक या कंपनीने १९६८ मध्ये ‘पॅडी इन द स्मोक’ या नावाने काढले. बॉबी केसी, मार्टिन बर्न्स, जिमी पॉवर यांच्याबरोबर त्यात ल्यूसी फार आहेत: गॉलवे परगण्याच्या, लंडनमध्ये परिचारिका, आणि अतिशय मोकळ्या हाताच्या फिडलवादक. पुरुषांनी भरलेल्या त्या पबमध्ये त्यांचा गज ऐकताना घरातले जुने संगीत कुठून इथवर आले हे समजते.

मायदेशात याच सुमारास पुनरुज्जीवनाची खटपट सुरू होती. १९५१ मध्ये कोल्तस क्योल्तोरी एरन ही पारंपरिक वादकांची संघटना स्थापन झाली आणि मलिंगार गावी त्याच वर्षी पहिला ‘फ्ला’ भरला. फ्ला म्हणजे स्पर्धा आणि जत्रा एकत्र. स्पर्धा शाळांच्या सभागृहांत, पण खरी गर्दी रस्त्यावर आणि पबमध्ये. गावोगावचे वादक पहिल्यांदाच एकमेकांना भेटत होते, आणि पबमालकांच्या लक्षात आले की वाजवणारे आले की पिणारेही येतात. भिंतीवरची पाटी उतरली ती अशी. १९६२ मध्ये डब्लिनच्या मेरियन रो वरच्या ओ’डॉनह्यूज पबमध्ये रॉनी ड्रू, ल्यूक केली, बार्नी मकेना आणि कीरन बर्क एकत्र गाऊ-वाजवू लागले आणि ‘द डब्लिनर्स’ हा गट जन्मला. त्याच वर्षी पॅडी मोलोनी यांनी ‘द चीफ्टन्स’ उभा केला. एका गटाने पबचा आवाज जगाच्या मंचावर नेला, दुसऱ्याने पारंपरिक धुनेला मैफलीची शिस्त दिली. दोन्ही मोठी कामे. पण पबला प्रसिद्धी मिळाली आणि तिच्याबरोबर आजच्या अनेक दुखण्यांचे बीजही पडले.

पबमधल्या संगीताचे सत्त्व कशात आहे असे कुणी विचारले तर मी एकच ध्वनिमुद्रण पुढे करीन. गॉलवे परगण्यातल्या पीटर्सवेल गावी लाहिफ्स नावाचा पब होता. १९७३ च्या नोव्हेंबरअखेर तिथे जो कूली हे अकॉर्डियनवादक वाजवायला बसले. जवळजवळ दोन दशके अमेरिकेत काढून ते गावी परतले होते, आणि फुप्फुसाच्या कर्करोगाने त्यांना घेरले होते. सोबत भाऊ जॅक बोरानवर आणि डेस मुल्केर बॅन्जोवर. अकॉर्डियनवादक टोनी मकमान यांच्या पुढाकाराने ते वादन टिपले गेले. काही आठवड्यांतच, वयाच्या पन्नाशीच्या आत, कूली गेले. १९७५ मध्ये ते ध्वनिमुद्रण ‘कूली’ या नावाने आले. त्यात पायांचा ठेका आहे, लोकांच्या आरोळ्या आहेत, खोलीची ऊब आहे. कूली आजच्या मानाने फार गुंतागुंतीचे वाजवत नाहीत. जुन्या पद्धतीचे दाब-ओढीचे वादन, भाता उलटा फिरला की सुराला हलका हिसका बसतो, आणि त्या हिसक्यात नाच दडलेला असतो. खोलीतल्या माणसांना माहीत आहे की हा माणूस जाणार आहे. तरीही आवाजात कुठे शोक नाही. आहे तो उत्साह, आणि त्या उत्साहाने त्यांना खांद्यावर उचलून धरले आहे असे वाटते. हे वादन स्टुडिओत झाले असते तर फक्त एका चांगल्या अकॉर्डियनवादकाची तबकडी मिळाली असती. लाहिफ्समध्ये एका गावाचे आपल्या माणसाशी असलेले नाते ध्वनिमुद्रित झाले. ‘वातावरण’ हा शब्द पर्यटनाच्या जाहिरातींनी इतका झिजवला आहे की तो वापरायला नको वाटते, पण त्याचा खरा अर्थ इथे ऐकू येतो. वादक, खोली आणि जमलेले लोक एकमेकांना वर्षानुवर्षे ओळखतात तेव्हा ते निर्माण होते. दिव्यांचा मंद प्रकाश आणि लाकडी फळ्या यांनी ते येत नाही.

फळ्यांचा मात्र मोठा धंदा झाला. १९९० च्या दशकात मेल मॅकनॅली या वास्तुविशारदाची आयरिश पब कंपनी आणि गिनेस यांनी मिळून आयरिश पब निर्यात करायला सुरुवात केली. खेड्यातले घर, व्हिक्टोरियन डब्लिन, जुने दुकान, दारूची भट्टी अशा ठरावीक शैली. काउंटर, टाइल, जुन्या बाटल्या, भिंतीवरची सायकल सगळे कंटेनरमध्ये भरून युरोपपासून आखातापर्यंत गेले. जुन्या काळी आयर्लंडमधला पब हाच किराणा दुकानही असे. डिंगल गावात आजही एका पबच्या काउंटरवर खिळे आणि रंग विकायला असतात. निर्यात केलेल्या पबमध्ये ती दुकानदारी शोभेची झाली. यात फसवणूक आहे असे मला वाटत नाही. परदेशातल्या अनेक खऱ्या सेशनना अशा पबांनी छप्पर दिले आहे. अडचण वेगळीच झाली. जगभर आयरिश पब पाहिलेला प्रवासी आयर्लंडला आला तेव्हा त्याला तेच हवे होते, आणि मूळ पब त्या नकलेसारखे होऊ लागले.

डब्लिनचा टेम्पल बार भाग हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण. दुपारपासून ध्वनिक्षेपकावर गिटार, ठरावीक दहा-पंधरा लोकप्रिय गाणी, दर तासाला नवी गर्दी. वाजवणाऱ्यांत चांगले कलावंत असतात आणि त्यांना नियमित पैसे मिळतात, हे लहान सत्य नव्हे. पण ध्वनिक्षेपक आला की खोलीची भूमिती बदलते. वादक टेबल सोडून भिंतीला टेकतो, तोंड लोकांकडे करतो. कोण आत येऊन वाजवू शकेल हा प्रश्नच मिटतो. गप्पांना आवाजाच्या वर चढावे लागते, मग आवाज वाढवला जातो. सेशनमध्ये संगीत आणि बोलणे शेजारी बसतात. इथे ते एकमेकांना हुसकावतात.

क्लेअरच्या किनाऱ्यावरच्या डूलिन गावाची कथा जास्त गुंतागुंतीची आहे. छोटी शेती करणारे रसेल बंधू तिथले. त्यांतले मिको रसेल हे टिन व्हिसल वाजवत, धुनेमागची गोष्ट सांगत. १९६० आणि ७० च्या दशकांत पाठीवर पिशव्या टाकून आलेल्या जर्मन, फ्रेंच, अमेरिकन तरुणांनी त्यांना शोधून काढले आणि गस ओ’कॉनर्स पबची कीर्ती जगभर गेली. रसेल १९९४ मध्ये अपघातात गेले. आज डूलिन हे पर्यटकांचे गाव आहे, मोहेरच्या कड्यांकडे जाणाऱ्या बस तिथून जातात. सेशन रोज असते, वेळ ठरलेली असते, दोघे-तिघे वादक मानधनावर बसलेले असतात. मानधनावरचे हे वादक आता देशभर रूढ झाले आहेत. मालक त्यांना ठरवतो आणि बाकीच्यांनी येऊन सामील व्हावे अशी अपेक्षा असते. शुद्धतावादी यावर नाक मुरडतात. मला ते मान्य नाही. परगण्यातल्या उत्तम वादकाने आठवड्यातून तीन रात्री फुकट वाजवावे आणि गल्ला मालकाने मोजावा, यात कसली शुद्धता? खरा प्रश्न टेबल उघडे राहते का, हा आहे. काही पबांत मानधनाचे वादक नवागताला खुर्ची ओढून देतात. काहींत साडेनऊ ते साडेअकराचे काम उरकतात, आणि बाहेरून आलेली फिडलची पेटी उघडलीच जात नाही. त्या दोन खोल्यांतला फरक पर्यटकाला कळणार नाही, वादकाला पहिल्या मिनिटात कळतो.

आता खुद्द वादनाबद्दल. तांत्रिक दर्जा आज थक्क करणारा आहे. गॉलवेच्या टिग कोइली किंवा क्रेन बारमध्ये विशीतल्या मुलींना कॉन्सर्टिना वाजवताना ऐकले की पन्नास वर्षांपूर्वी किती जणांना हे जमले असते, असा प्रश्न पडतो. याचे श्रेय शिकवणाऱ्यांना. मिलटाउन मालबे गावी १९७३ पासून दर जुलैत पाइप्सवादक विली क्लान्सी यांच्या नावाने उन्हाळी शाळा भरते. सकाळी वर्ग, रात्री सगळे गाव वाजत असते. कोल्तसच्या शाखा मुलांना घराजवळ शिकवतात. डब्लिनमध्ये १९६८ पासून ना पीबेरी इलन ही संस्था इलन पाइप्सचे, म्हणजे कोपराने भाता हलवून वाजवायच्या आयरिश पाइप्सचे, जतन करते आहे. त्या वेळी हे वाद्य नामशेष होण्याच्या बेतात होते. २०१७ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेले आणि आज नव्या वाद्यासाठी कारागिरांकडे दीर्घकाळ थांबावे लागते. एखाद्या परंपरेला इतके सुदैवी दिवस क्वचित येतात.

याची किंमत मात्र एका ठिकाणी मोजली गेली आहे, ती प्रादेशिक बाजात. स्लायगोचा उसळता, दागिन्यांनी भरलेला गज. डोनेगॉलचा तुटक, खडा गज. पूर्व क्लेअरची संथ, उदास छटा. कॉर्क-केरी सीमेवरच्या स्लीव लूक्राच्या पोल्का. ही घराणी चालत जाण्याच्या अंतरावर घडली होती. त्यांना पहिला तडा तबकडीने दिला. स्लायगोचे मायकल कोलमन १९२० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये ध्वनिमुद्रित झाले, त्या तबकड्या बोटीने परत आल्या आणि आयर्लंडभरचे फिडलवादक कोलमनसारखे वाजवू लागले. त्याआधी शिकागोचे पोलीस प्रमुख, मूळचे कॉर्कचे, फ्रान्सिस ओ’नील यांनी १९०३ मध्ये १,८५० धुनांचे पुस्तक काढले होते. तेही धुनांचे एक प्रमाण रूप ठरवून गेले. म्हणजे एकसारखेपणाची तक्रार शंभर वर्षांची आहे. आज तिला फोन जोडला गेला आहे. एका सेशनमध्ये टिपलेली रचना दुसऱ्या आठवड्यात चार देशांत त्याच क्रमाने, त्याच दागिन्यांसह वाजते. आणि वेग वाढला आहे. रील नाचाच्या गतीपलीकडे गेली की रोल नुसता खडखडाट होतो, दोन सुरांमधली जागा नाहीशी होते. तरुण वादकांच्या अनेक टेबलांवर मला हाच दोष जाणवतो: सगळे येते, थांबणे येत नाही. फिडलवादक मार्टिन हेझ यांनी गिटारवादक डेनिस केहिल यांच्यासह १९९७ मध्ये ‘द लोन्सम टच’ काढले तेव्हा त्यांनी याला उत्तरच दिले होते. पूर्व क्लेअरच्या फीकल परिसरात वडिलांकडून मिळालेली संथ लय त्यांनी जगापुढे ठेवली, आणि एकच धून हळू वाजली की किती मोठी होते हे दाखवले. त्यांचे कौतुक भरपूर झाले, अनुकरण फार थोड्यांना जमले.

नाच गेल्यामुळेही वेग सैल सुटला असे मला वाटते. कॉर्कमधल्या नॉकनाग्री गावात डॅन ओ’कॉनल यांच्या पबमध्ये जॉनी ओ’लेरी हे अकॉर्डियनवादक १९६० च्या दशकापासून पुढची अनेक वर्षे दर आठवड्याला सेट नाचासाठी, म्हणजे जोड्यांनी मिळून करायच्या पारंपरिक नाचासाठी, वाजवत. नाचणाऱ्याचा पाय पुढे असला की वादकाला वेगाची मनमानी करता येत नाही. ज्या मोजक्या पबांत आजही टेबले बाजूला सारून सेट नाचला जातो, तिथले वादन जास्त जमिनीवर असते.

सेशन सर्वांसाठी खुले आहे असे म्हणण्याची पद्धत आहे. ते अर्धसत्य आहे. टेबलाचे न लिहिलेले नियम असतात: मोठ्या वादकाच्या शेजारची खुर्ची विचारल्याशिवाय घ्यायची नाही, बोरान दोन नकोत, गाणे सुरू झाले तर सगळ्यांनी गप्प बसायचे. हे नियम मला प्रिय आहेत. पण त्यांच्या आडून बराच काळ पुरुषांची सत्ताही चालली. २०१८ मध्ये केरन केसी आणि इतर गायिका-वादिकांनी ‘फेअरप्ले’ ही मोहीम सुरू केली आणि महोत्सवांत, ध्वनिमुद्रणांत, व्यासपीठांवर स्त्रिया किती, असा साधा प्रश्न विचारला. २०२० मध्ये ‘मिशे फोस्ता’ या मोहिमेतून अनेक स्त्रियांनी या क्षेत्रात सोसलेल्या लैंगिक छळाच्या कहाण्या पुढे आणल्या. रात्री उशिरा, दारूच्या सोबतीने, कुणाच्याही जबाबदारीविना चालणारी ही जागा सर्वांना सारखी सुरक्षित नव्हती. परंपरेवर प्रेम असणाऱ्यांनी हे ऐकून घेणे गरजेचे होते, आणि निदान तरुण वादकांनी ते मनावर घेतलेले दिसते.

आता खोलीकडे येतो. २००५ मध्ये आयर्लंडमध्ये सुमारे ८,६०० पब होते. २०२१ पर्यंत ते ६,८०० च्या खाली आले, आणि त्यानंतरही बंद होत आहेत. सर्वाधिक घट ग्रामीण परगण्यांत. कारणे अनेक: सुपरमार्केटमधली स्वस्त दारू, मद्यपान करून गाडी चालवण्याविरुद्धचे कडक कायदे, ओस पडणारी गावे, आणि पुढची पिढी चौदा तास काउंटरमागे उभी राहायला तयार नसणे. यातल्या कायद्यांविरुद्ध तक्रार करण्यासारखे काही नाही. रस्ते सुरक्षित झाले. मार्च २००४ मधल्या धूम्रपानबंदीने पबचा प्राण जाईल असे म्हटले गेले होते. झाले इतकेच की बासरीवाल्यांची फुप्फुसे वाचली. मार्च २०२० मध्ये मात्र साथीमुळे सगळीच दारे बंद झाली आणि काही अपवाद सोडले तर आत बसण्याची परवानगी पुन्हा मिळायला जुलै २०२१ उजाडला. एकत्र बसल्याशिवाय अस्तित्वातच नसलेल्या कलेला सोळा महिने फार असतात. काही म्हाताऱ्या वादकांनी पुन्हा पेटी उघडली नाही.

शहरात धोका जमिनीच्या भावाचा आहे. डब्लिनच्या स्मिथफील्ड चौकातला कॉबलस्टोन हा मलिगन कुटुंबाने चालवलेला पब. पुढच्या खोलीत रोज सेशन, मागच्या खोलीत गाण्याच्या बैठका, वर्ग, आयरिश भाषेचे मेळावे. लँकम या गटाची २०२३ ची ‘फॉल्स लँकम’ ही तबकडी लोकसंगीताच्या बाहेरही गाजली. त्या गटातल्या मंडळींची जडणघडण ज्या वर्तुळात झाली, त्याचे कॉबलस्टोन हे एक घर. २०२१ मध्ये तिथे नऊ मजली हॉटेलचा प्रस्ताव आला. पबचा पुढचा भाग ठेवून मागच्या खोल्या जाणार होत्या. ऑक्टोबरमध्ये शेकडो लोक शवपेटी खांद्यावर घेऊन, वाजवत-गात शहरातून चालत गेले. नोव्हेंबरमध्ये महापालिकेने परवानगी नाकारली. इमारत परिसराच्या मानाने अवाढव्य आहे हे कारण होतेच, पण मागची खोली गमावणे ही सांस्कृतिक हानी आहे हेही नियोजनकारांनी नोंदवले. दर्शनी भाग वाचवून आतला गाभा काढण्याचा खेळ जगभरच्या शहरांत चालतो. इथे तो ओळखला गेला, हे मला फार मोलाचे वाटते.

पण असा लढा प्रत्येक पबसाठी लढता येणार नाही. लेट्रिम किंवा रॉसकॉमनच्या एखाद्या खेड्यातला पब मालक म्हातारा झाला म्हणून बंद होतो तेव्हा मोर्चा निघत नाही. २०२२ मध्ये सरकारने २,००० कलावंतांना आठवड्याला ३२५ युरो देण्याची मूलभूत उत्पन्न योजना प्रयोग म्हणून सुरू केली. चांगले पाऊल, वादकांनाही तिचा लाभ झाला. खोली चालवणाऱ्याला मात्र संस्कृतीच्या हिशेबात कुठेच धरले जात नाही. मंगळवारी रात्री चार वादक चार ग्लासांवर तीन तास बसणार, कोपऱ्यातले सर्वांत मोठे टेबल अडवणार, आणि मालकाने दूरचित्रवाणी बंद ठेवायची. ही सवलत देणाऱ्या मालकांनीच पन्नास-साठ वर्षे ही कला पोसली. वेस्टपोर्टमध्ये चीफ्टन्सचे बासरीवादक मॅट मलॉय यांचा स्वतःचा पब आहे. वादकच मालक असला की हे गणित समजावून सांगावे लागत नाही. बाकीच्यांना सांगावे लागते, आणि सांगायला कुणी जात नाही.

एक अडचण तर सहज सुटण्यासारखी आहे. २००३ च्या कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्यांना रात्री नऊनंतर, उन्हाळ्यात दहानंतर, बारमध्ये थांबता येत नाही. हेतू चांगला आहे. पण सेशन सुरूच होते साडेनऊला. पंधरा वर्षांची मुलगी कोल्तसच्या वर्गात दोनशे धुना शिकते, फ्लाच्या स्पर्धेत बक्षीस मिळवते, आणि टेबलाशी बसून भुवईचा इशारा वाचायला, दुसऱ्याची वाट ऐकत आपली वाट धरायला शिकण्याची वेळ येते तेव्हा तिला घरी पाठवले जाते. ज्या काही पबांनी रविवारी दुपारी चार वाजता सेशन ठेवायला सुरुवात केली आहे, तिथे आजोबा, आई आणि मुलगी एका बाकावर दिसतात. चहाच्या किटल्या फिरतात, आणि रील जरा हळू वाजते, कारण शेवटच्या खुर्चीवरच्या मुलीला ती अजून पुरती आलेली नसते.